पगारी तलवारी: एक कादंबरी पूर्ण होईपर्यंतची हकिकत

कादंबरी हातावेगळी झाली. शेवटची मुद्रितं तपासून परत गेली. काल्पनिक जगात पैसे घेऊन लढणाऱ्या माणसांचं एक पथक, त्यांची नोकरी आणि त्यांची पोटापाण्याची चिंता हा तिचा विषय. मधल्या काळात असंच काही लिहू पाहणाऱ्या काही जणांनी विचारलं, की सुरुवात कुठून केलीस, आयुष्यात कुणाला साधी चापट न मारता लढाई कशी लिहिलीस, आणि एवढं करून हे छापतं कोण. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा जसं घडलं तसं लिहून काढते.

२०२२च्या जूनमध्ये डोक्यात एवढंच होतं, की नायिका तलवारबाज आहे आणि ती कुणाच्या तरी पगारावर आहे. राक्षस, ड्रॅगन, मांत्रिक हे सगळं हवंच होतं, नाहीतर मी सरळ ऐतिहासिक कादंबरी लिहिली असती. पण अशा कथांमध्ये एक जागा मला कायम खटकायची. योद्धा येतो, मोहरांची थैली घेतो, राक्षस मारतो आणि निघून जातो. त्याच्या घोड्याला नाल कोण ठोकतं? पाऊस लागला की तो खातो काय? जखमी झाला तर पगार चालू राहतो का? म्हणून कथानक बाजूला ठेवलं आणि आधी पथकाची पगारवही लिहायला घेतली. सव्वाशेच्या आसपास माणसं. प्रत्येकाचं नाव, हत्यार, घोडा स्वतःचा की पथकाचा, महिन्याचा मुशाहिरा, घेतलेली उचल, राहिलेली बाकी.

पहिली अडचण चलनाची आली. नाण्यांना नावं देणं सोपं असतं, त्या नाण्यात काय विकत मिळतं हे ठरवताना घाम फुटतो. मी अकुशल मजुराची एका दिवसाची कमाई हे एकक धरलं आणि तलवार, घोडा, चिलखत, मांत्रिकाची दक्षिणा असं सगळं त्याच्या पटीत मोजलं. हे एकदा ठरलं की पुढे कुठल्याही पानावर भाव सुचवायला वेळ लागत नाही. तुम्हीही हेच करा असं मी सांगेन.

पगारासाठी मात्र खऱ्या इतिहासाकडे जावं लागलं. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री पायदळात, म्हणजे लांट्सक्नेश्टांमध्ये, साध्या शिपायाला महिन्याला ४ गुल्डन (तेव्हाचं जर्मन नाणं) मिळत. बरं चिलखत किंवा दोन हातांनी चालवायची मोठी तलवार घेऊन पहिल्या फळीत उभं राहणाऱ्याला दुप्पट. म्हणजे धोक्याचा भत्ता तेव्हाही होता. त्याहून जुनं उदाहरण इ.स.पू. ४०१चं. इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याने भाड्याने घेतलेल्या ग्रीक शिपायांना आपल्याला प्रत्यक्ष इराणच्या सम्राटावर नेलं जातंय असा संशय आला, तेव्हा ते अडून बसले. पगार महिन्याला एक दारिक, म्हणजे एक इराणी सोन्याचं नाणं, होता तो दीड दारिक करून मिळाला, मग निघाले. माझ्या पथकाला डोंगरापलीकडचा शत्रू माणूस नसून ड्रॅगन आहे हे जिथे कळतं, ते प्रकरण मी या घटनेवरून बेतलं. तिथे कुणी शौर्याचं भाषण करत नाही. तंबूत घासाघीस चालते, आणि ती तलवारीच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त चढत जाते असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या शिलेदार-बारगीर व्यवस्थेने तर अख्खं उपकथानक मिळवून दिलं. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणतो, बारगिराला ते सरकारातून मिळतं. आता हेच मंतरलेल्या तलवारीला लावून बघा. तलवार बाईची स्वतःची असेल तर तिचा पगार जास्त, पण तलवार मोडली तर नुकसानही तिचंच. पथकाची असेल तर पगार कमी, आणि ती मेली की तलवार पावती फाडून कोठीत परत. माझी नायिका बारगीर आहे. आठ वर्षं वापरलेली, तिच्याशी बोलणारी तलवार तिची नाही. विकत घ्यायची म्हणून ती दर महिन्याच्या पगारातून हप्ता कापून देते. हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही.

सप्टेंबरात कथेची सुरुवात सापडली, तीही युद्धात नव्हे. १३६० साली ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्सची लढाई थांबली आणि हजारो पगारी शिपाई एका दिवसात बेकार झाले. घरी जाऊन काय करणार? टोळ्या करून त्यांनी गावं लुटायला, किल्ले धरून खंडणी मागायला सुरुवात केली. दोनच वर्षांनी, १३६२मध्ये, ब्रिन्येला अशाच टोळ्यांनी फ्रान्सच्या राजाच्या फौजेचा पराभव केला. आविन्योंला बसलेल्या पोपवर पैसे देऊन त्यांना वाटेला लावायची पाळी आली. माझी कादंबरीसुद्धा तह झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. गावात घंटा वाजतायत, लोक नाचतायत, आणि पथकाचा कारकून वहीत शेवटची ओळ ओढतोय.

मग करारनामा. हा भाग कंटाळवाणा होईल असं घरचे सगळे म्हणाले. मी हिवाळाभर त्यातच रमले. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या नगरराज्यांनी सेनानायकांशी केलेले करार हे या धंद्याचे सगळ्यात चोख कागद आहेत. जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज अशा करारांवर जगला. पिसा, मिलान, पोप यांची चाकरी करून शेवटी फ्लॉरेन्सचा सेनापती झाला आणि १३९४ला तिथेच वारला. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलच्या भिंतीवर त्याचं घोड्यावरचं चित्र आजही आहे. पण मला त्याच्या शौर्यापेक्षा अशा करारांतली कलमं हवी होती. किती भाले आणायचे (एक भाला म्हणजे एक चिलखती स्वार, त्याचा जोडीदार आणि एक पोऱ्या, असे तिघे). किती महिने नक्की चाकरी, आणि त्यानंतर किती महिने मालकाच्या मर्जीवर. सुरुवातीला आगाऊ रक्कम किती. चाकरीत घोडा मेला तर भरपाई किती. पकडलेल्या मोठ्या माणसाची खंडणी कोणाची. आणि करार संपल्यावर इतका काळ जुन्या मालकाविरुद्ध लढायचं नाही.

हे शेवटचं कलम म्हणजे कथाकाराला लागलेली लॉटरी. माझ्या पथकाचा जुना मालक नव्या मालकाचा शत्रू निघतो, मुदतीचे चाळीस दिवस शिल्लक असतात, आणि ते चाळीस दिवस पथक सीमेवरच्या एका भिकार गावात पगाराविना बसून काढतं. संपूर्ण मधला भाग तिथे घडतो. काही वाचकांना तो संथ वाटला. मला तो सगळ्यात आवडतो.

करारनामा मी कथेबाहेर, वेगळ्या कागदांवर पूर्ण लिहिला, दरबारी थाटात. घोडेस्वाराला मोहिमेआधी मिळणाऱ्या उचलीला आपल्याकडे ‘नालबंदी’ म्हणत, तो शब्द तसाच ठेवला. ‘हजिरी’ (माणसा-घोड्यांची मोजणी), ‘चेहरेपट्टी’ (शिपायाच्या वर्णनाची नोंद), ‘रोजमुरा’ (पगार) हेही ठेवले. जग काल्पनिक असलं तरी कचेरीची भाषा खरी वाटायला हवी. छापील पुस्तकात यातली जेमतेम दोन पानं आली आहेत. उरलेल्या कागदांचा फायदा असा, की पुढे भांडण कुठलंही निघो, दोन्ही बाजूंना बोलायला कलम तयार होतं.

हजिरीचं प्रकरण २०२३च्या जानेवारीत लिहिलं आणि लिहिताना एकटीच हसत होते. पैसे डोक्यामागे मिळत असल्यामुळे पथकाचा नायक जास्त डोकी दाखवणार, हे जगात सगळीकडे चाललं. एका दिवसापुरते गावातले न्हावी-शिंपी उभे करायचे, एकच घोडा दोनदा मोजणीला न्यायचा, मेलेल्यांची नावं यादीत चालू ठेवून त्यांचा पगार खिशात घालायचा. त्यावर उतारा म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांचा हुलिया, म्हणजे चेहऱ्या-शरीराचं वर्णन, लिहून ठेवायची पद्धत लावली. अकबराने ती पुन्हा जोरात चालू केली. काल्पनिक जगात तर मायावी रूपं दाखवणारे लोक असणार. माझ्या पथकाचा मांत्रिक तीस जास्तीचे घोडेस्वार हवेत उभे करतो, अगदी घोड्यांच्या फुरफुरण्यासकट. तपासणीला आलेली कारकूनबाई काही बोलत नाही, शिक्का मारत नाही, मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती तबेल्यात लीद मोजते.

फेब्रुवारीत शरीराकडे वळले. कागदावर सगळं जमत होतं, पण तलवार हातात धरल्यावर कसं वाटतं ते कागदावरून कळेना. जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करणाऱ्या एका गटात नाव घातलं. पंधराव्या शतकातल्या सचित्र पोथ्या समोर ठेवून ही मंडळी पवित्रे बसवतात. त्या पोथ्यांची पानं आता घरबसल्या फुकट पाहता येतात, सरावाला जाणं शक्य नसेल त्यांनी निदान तेवढं करावं. पहिले कित्येक आठवडे हातात तलवार दिलीच नाही, फक्त पाय. पुढे, मागे, तिरकं. सर म्हणायचे, “तलवार मारते ती पायांनी.” मी नोंद करून घेतली आणि मनातल्या मनात कंटाळले.

मग भोथरी पोलादी तलवार मिळाली. दोन हातांनी धरायची खरी लांब तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची असते, एक हाताची बहुधा त्याहून हलकी. कथांमधल्या त्या ‘दहा माणसांनाही उचलेना’ तलवारी विसरा. पण हे दीड किलो हात लांब करून धरलं की थोड्याच वेळात पुढचा हात कापायला लागतो. पूर्ण पत्र्याचं चिलखत वीस-पंचवीस किलोचं, तरी ते अंगभर विभागलेलं असतं, त्यात माणूस पळू शकतो, पडला तर उठू शकतो. त्रास वजनापेक्षा उष्म्याचा आणि श्वासाचा. तोंडावर जाळीचा मास्क चढवून पहिल्यांदा समोरासमोर उभी राहिले तेव्हा स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. कडेचं दिसत नाही. समोरची मुलगी माझ्यापेक्षा लहान, सभ्य, आणि तिची मला मनापासून भीती वाटली. दोन श्वासांत संपलं. मी हरले हे मला खांद्याला लागल्यावर कळलं.

त्या दिवसानंतर कादंबरीतल्या सगळ्या द्वंद्वांना मी अर्ध्या पानाची मर्यादा घातली. चकमक लवकर संपते, आधीची वाट पाहणं आणि नंतरचं थरथरणं लांबतं. खर्चाचं म्हणाल तर सरावाच्या फीपेक्षा मास्क, जाड हातमोजे आणि गळपट्टा यांना जास्त पैसे पडतात. सुरुवातीला गटाकडचं सामान वापरायला मागा, देतात. बोटं सगळ्यात आधी जायबंदी होतात, त्यामुळे हातमोज्यांत काटकसर नको.

जखमांसाठी मावसभावाला धरलं, तो हाडांचा डॉक्टर आहे. “दादा, मांडीला भाला लागला तर माणूस किती वेळ बोलू शकेल?” असले प्रश्न रात्री अकराला फोनवर. त्याने कधी कंटाळा केला नाही, फक्त वहिनीने एकदा हळूच विचारलं की सगळं ठीक आहे ना. त्याच्याशी बोलताना प्राचीन सांगाड्यांचे अहवाल वाचायची वाट सापडली, आणि हा भाग माझ्यासाठी सगळ्यात हलवून टाकणारा ठरला. इंग्लंडमधल्या १४६१च्या टाउटनच्या लढाईतली एक सामुदायिक कबर १९९६मध्ये सापडली. बहुतेक घाव डोक्यावरचे, एकेका कवटीवर अनेक. पण काही जणांच्या हाडांवर त्याआधीच्या, भरून आलेल्या जखमाही होत्या. म्हणजे हा माणूस पूर्वी कधीतरी मरता मरता वाचला, बरा झाला, आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या विस्बीला १३६१च्या लढाईतल्या कबरींत पायांवरचे घाव खूप आहेत. ढालीखालचा पाय उघडा असतो, तिथेच वार बसतो. माझ्या पथकातल्या निम्म्या जुन्या लोकांची चाल त्यामुळे लंगडी आहे. त्याचं कारण मी कुठेही सांगितलेलं नाही.

ग्लॅडिएटरांचंही, म्हणजे रोमन आखाड्यात लोकांसमोर झुंजणाऱ्यांचंही, वाचलं. आजच्या तुर्कस्तानातल्या एफिससला १९९३मध्ये त्यांची दफनभूमी मिळाली, आणि हाडांच्या अभ्यासातून त्यांचं खाणं मुख्यतः धान्य आणि कडधान्यांचं होतं असं दिसलं. रोमन लेखक त्यांना ‘सातूखाऊ’ म्हणून हिणवत. दुसऱ्या शतकात गेलेनसारखा वैद्य पर्गामॉनला त्यांच्यावर उपचार करायला नेमलेला होता. मालकाने पैसे गुंतवलेलं शरीर असल्यामुळे त्याची देखभालही चांगली होई. तेव्हा शेकोटीवर अख्खं हरिण भाजणारे योद्धे मी रद्द केले. माझे लोक सातूची पेज पितात आणि तिला शिव्या घालतात.

आता जादूने जखम भरणाऱ्याचा प्रश्न. असा माणूस जगात असेल तर कुणी मरेल कशाला? त्याला मर्यादा घालावी लागते, आणि मर्यादा पैशाची असली की गोष्ट जिवंत होते. पथकात एकच बरं करणारी बाई, ती दिवसाला एकच मोठी जखम भरू शकते, आणि कुणाची आधी हे करारात लिहिलेलं. उरलेल्यांना भरपाई. सतराव्या शतकातल्या कॅरिबियन समुद्री लुटारूंच्या करारांत अशी यादीच असे: उजव्या हातासाठी ६०० चांदीची नाणी, डाव्यासाठी ५००, उजव्या पायासाठी ५००, डाव्यासाठी ४००, एका डोळ्यासाठी १००, बोटासाठीही १००. गुलाम माणसं देऊनही हीच भरपाई फेडता येई, तेही त्याच यादीत, त्याच थंडपणे लिहिलेलं असतं. माझ्या पथकाच्या यादीत सगळ्यात महाग अवयव मांत्रिकाची जीभ आहे.

मार्च ते डिसेंबर २०२३ पहिला खर्डा. सकाळी कामावर जाण्याआधी, रोज थोडं. याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, लिहीत राहावं लागतं. दोन प्रकरणांचं मात्र सांगते.

एक, राक्षसांच्या बक्षिसाचं. नगरपालिका प्रत्येक राक्षसामागे बक्षीस लावते आणि पुरावा म्हणून शेपूट मागते. १९०२च्या सुमारास फ्रेंच अमलाखालच्या हनोईत उंदरांच्या शेपटांवर पैसे देत होते, तेव्हा लोक शेपूट कापून उंदीर सोडून द्यायला लागले, काहींनी तर उंदीर पाळले. तेच मी राक्षसांवर चालवलं. कारकूनबाई पुरावा म्हणून खालचा जबडा मागू लागते तेव्हा पथकात सुतकी कळा पसरते, कारण जबडा आणायचा तर राक्षस खरंच मारावा लागतो. भुतांचं बिल त्याहून अवघड. भूत गेल्याचा पुरावा काय? म्हणून एक दशांश रक्कम वर्षभर अडकवून ठेवायची, वर्षात कुणाला दिसलं नाही तर द्यायची. बांधकाम कंत्राटात अनामत रोखून धरतात तसं. हे वाचून माझा एक ठेकेदार मित्र इतका भावुक झाला की पुढचं पुस्तक त्यालाच अर्पण करायला हवं.

दुसरं शेवटाचं. फौज बंड करते ती बहुधा पगार थकल्यावर. रोमशी झालेल्या पहिल्या प्युनिक युद्धानंतर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने भाडोत्री सैन्याची बाकी देताना हात आखडला, आणि इ.स.पू. २४१पासून चार वर्षं त्यांच्याशीच लढत बसलं. १५२७ला रोम लुटलं ते सम्राट पाचव्या चार्ल्सच्याच, पगार न मिळालेल्या फौजेने. पण माझ्या कामाला आली ती नेदरलँड्समधली स्पॅनिश फौज. १५७२नंतरच्या तीन-साडेतीन दशकांत तिच्यात चाळीसहून अधिक बंडं झाली, आणि त्यातली बरीच विलक्षण शिस्तीची. शिपाई आपला पुढारी निवडत, नियम करत, आसपासच्या मुलखातून वर्गणी गोळा करत आणि सरकारशी हिशोबाची बोलणी करत. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिंद्यांच्या छावणीत थकलेल्या पगारासाठी शिपाई धरणं धरून बसत. सरदारालाही जेवू देत नसत. माझ्या कादंबरीचा शेवट असा आहे: ड्रॅगन मेलाय, राज्य वाचलंय, आणि वाचवणारे राजवाड्याच्या दारात वही उघडून बसलेत. राजकन्या उपाशी, पथकही उपाशी.

या सगळ्यात पहिला माणूस मरतो तो हगवणीने. विसाव्या शतकापर्यंत लढाईपेक्षा छावणीतल्या रोगांनी शिपाई जास्त मरत आले आहेत, आणि ते लिहायचं मी आधीच ठरवलं होतं. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीचा जीव त्या पात्रावर जडला होता. “एवढा सुंदर तिरंदाज, त्याला निदान बाण तरी लागू दे गं!” तीन-चारदा फोन झाले. मी बदललं नाही. ती अजून रागावलेली आहे.

२०२४च्या मार्चमध्ये छापील प्रती वाचायला दिल्या. वाचक निवडताना सगळे साहित्यप्रेमी घेऊ नका. माझ्याकडे ही मैत्रीण होती, घोडे सांभाळणारे एक काका होते आणि एक हिशोबनीस होता. काकांनी मोहिमेचा वेग जवळपास निम्म्यावर आणला. घोड्याला दिवसाला दहा किलोच्या आसपास चारा-दाणा आणि तीसेक लिटर पाणी लागतं, तर शंभर घोडे वाळवंटातून तुझ्या मनाला येईल तसे कसे जातील, असा त्यांचा सवाल होता. शिवकालात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) ठेवत, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “मग तुझ्या पथकात ते कुठायत?” त्यातून पखालवाला नावाचं पात्र जन्माला आलं, आणि आता वाचणारे त्याच्याबद्दलच बोलतात. हिशोबनिसाने पगारवही मागून घेतली आणि आठवड्याने निरोप पाठवला की तुमचं पथक नवव्या प्रकरणात बुडतंय, दहाव्यात पगार द्यायला पैसे नाहीत. ते मला ठाऊक होतं. माझ्या पथकाचा नायक पैसे आहेत असं खोटं सांगून माणसांना डोंगर चढायला लावतो. वाचकाला कुणी न सांगता ते आकड्यांवरून कळलं, याचा मला जो आनंद झाला तो हिशोबनिसाला कळला नाही.

जूनपासून प्रकाशकांकडे पाठवणं सुरू. बहुतेकांना दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, एकूण शब्दसंख्या आणि थोडा परिचय लागतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असावं. सारांशात शेवट सांगून टाका, लपवू नका, तो वाचकासाठी नसतो. पाठवल्याची तारीख, पोच आली का, कधी विचारायचं हे एका तक्त्यात लिहून ठेवा. तीन महिन्यांआधी आठवण करू नये, आणि केली तर एकदाच, दोन ओळींत. काहींनी उत्तरच दिलं नाही. एका ठिकाणाहून ‘भाषा उत्तम, पण आपला वाचक ड्रॅगन स्वीकारणार नाही’ असं आलं. दुसऱ्या ठिकाणी ड्रॅगन चालत होता, पगार नको होते. या महिन्यांत मी काहीच लिहू शकले नाही. संध्याकाळी सरावाला जायचे, तेवढाच आधार. वाट पाहण्याच्या काळात शरीर दमवणारं काहीतरी हाताशी असू द्या.

२०२५च्या फेब्रुवारीत होकार आला. करारनामा आला तेव्हा तो मी ज्या नजरेने वाचला, ती नजर दोन वर्षं इटालियन सेनानायकांच्या संगतीत राहून आलेली होती. मुदत किती, मुदतीनंतर हक्क कुणाच्या मर्जीवर, आगाऊ रक्कम परत मागता येते का, आवृत्ती संपली आणि पुन्हा छापली नाही तर काय. शेवटचं कलम त्यात नव्हतं. विचारल्यावर त्यांनी लगेच घातलं, कुणाला राग आला नाही. अनुवादाचे आणि श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळे लिहून घ्या. सही करण्याआधी प्रत्येक पानावर तारीख पाहा.

संपादनात हजिरीचं प्रकरण दोन पानांनी कमी झालं. मी कुरकुरले, पण लीद राहिली. मुद्रितांच्या वेळी वेगळाच ताप झाला: युनिकोडमधून छपाईच्या जुन्या फाँटमध्ये जाताना काल्पनिक नावांतली जोडाक्षरं फुटली. मराठी शब्दातलं फुटलेलं जोडाक्षर कुणाच्याही लक्षात येतं, पण तुमच्या ड्रॅगनचं नाव मुळात कसं होतं हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसतं. सगळ्या नावांची एक यादी, एका ठरलेल्या लेखनात, संपादकाला आधीच देऊन ठेवा. मी ती मुद्रितांबरोबर पाठवली आणि तीन फेऱ्या झाल्या.

आता फक्त मुखपृष्ठ राहिलंय. चित्रकाराने पहिल्या रेखाटनात नायिकेला उघडे दंड आणि कमरेपर्यंत मोकळे केस दिले होते. मी त्याला माझ्या मास्कचे, हातमोज्यांचे आणि सरावानंतरच्या काळ्यानिळ्या मनगटाचे फोटो पाठवले. फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, केस तरी थोडे दिसू देत, नाहीतर बाई आहे हे कळणार कसं. वेणी शिरस्त्राणाच्या मागून बाहेर काढायची यावर तडजोड झाली आहे. नवं चित्र पुढच्या आठवड्यात यायचं आहे.